परमुलखात गादीवर बसलेला सम्राट : व्हिएतनामच्या ले त्रांग तोंगवर व्याख्यान कसे तयार करावे

नागपुरातील वाचनालयांत आणि अभ्यासमंडळांत इतिहासावर जी व्याख्याने होतात, ती बहुधा गोंड राजे, भोसले, पेशवे आणि १८५७ यांच्याभोवती असतात, आणि ते स्वाभाविकच आहे. पण राजा आणि त्याला गादीवर बसवणारा सरदार यांच्यातले नाते ज्यांना समजून घ्यायचे आहे, त्यांनी एकदा तरी सोळाव्या शतकातील व्हिएतनामकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते. राजधानीत एका सेनापतीने राजवंश बुडवला. जुन्या वंशाचे निष्ठावंत शेजारच्या लाओसमध्ये परागंदा झाले. तिथे त्यांनी त्या वंशातला म्हणून एक तरुण शोधून काढला आणि १५३३ साली परक्या राजाच्या मुलखात त्याला सम्राट म्हणून गादीवर बसवले. तो सम्राट म्हणजे ले त्रांग तोंग. हा विषय तासाभराच्या व्याख्यानात मराठी श्रोत्यांपुढे कसा मांडावा, तयारीचा क्रम काय ठेवावा आणि कुठे घसरण्याची शक्यता असते, ते पुढे लिहितो.

विषयाची मर्यादा आधी ठरवावी

सर्वांत पहिला निर्णय काळाचा आहे. बहुतेक संक्षिप्त माहितीत १५३३ हे वर्ष देऊन ‘ले घराण्याची पुनःस्थापना झाली’ असे एका वाक्यात सांगितलेले असते. व्याख्यात्याने या वाक्यावर विसंबू नये. १५३३ साली ज्याची स्थापना झाली ते राज्य नव्हते, तो केवळ दावा होता. तेव्हा ले पक्षाकडे ना राजधानी होती, ना वसुलीचा सलग प्रदेश, ना चीनच्या मिंग दरबाराची मान्यता. राजधानी थांग लोंग, म्हणजे आजचे हानोय, ले पक्षाच्या हाती आली ती १५९२ साली. खुद्द त्रांग तोंग १५४८ साली वारला. सम्राट म्हणून त्याने राजधानीत पाऊलही ठेवले नाही. म्हणून व्याख्यानाचा पट १५२७ ते १५९२ असा पासष्ट वर्षांचा धरावा आणि लाओसमधील राज्यारोहण हा त्यातला आरंभीचा प्रसंग म्हणून सांगावा. असे केले की श्रोत्यांच्या मनात योग्य प्रश्न आपोआप उभा राहतो : ज्याच्या नावाने एवढे सारे घडले तो स्वतः काय करत होता, आणि घडवत कोण होते?

या सम्राटाची गल्लत इतरांशी होणार नाही याचीही काळजी घ्यावी. त्याच घराण्याचा शेवटचा सम्राट ले चिएउ थोंग हाही देशोधडीला लागला होता आणि १७८८ साली चीनच्या चिंग दरबाराच्या फौजेच्या जोरावर थांग लोंगला परतला होता. पण १७८९ च्या आरंभी क्वांग त्रुंग या प्रतिस्पर्धी व्हिएतनामी सम्राटाने त्या फौजेचा धुव्वा उडवला, चिएउ थोंगला चीन गाठावे लागले आणि १७९३ साली तो बीजिंगमध्ये मरण पावला. दोन्ही कहाण्या परागंदा राजाच्या आहेत, नावेही सारखी वाटतात, आणि घाईत वाचणारा माणूस एकीचे तपशील दुसरीला जोडून मोकळा होतो.

नावांचा बंदोबस्त

मराठी श्रोता या विषयापासून दुरावतो तो नावांमुळे, विषयामुळे नव्हे. व्हिएतनामी नावात घराण्याचे नाव आधी येते, त्यामुळे ले, माक, न्गुयेन आणि त्रिन्ह ही चार घराणी फळ्यावर चार रकान्यांत लिहून ठेवली की निम्मी अडचण सरते. पूर्ण व्याख्यानात सहा-सात व्यक्तींपेक्षा जास्त नावे घेऊ नयेत : गादी बळकावणारा माक दांग झुंग, परागंदांचा पुढारी न्गुयेन किम, त्याचा जावई त्रिन्ह किएम, किएमचा मुलगा त्रिन्ह तुंग, आसरा देणारा लान सांगचा, म्हणजे तेव्हाच्या लाओसचा, राजा फोतिसारात, आणि सम्राट त्रांग तोंग. सम्राटाचे हे नाव मरणोत्तर दिलेले आहे. हयातीत तो ले निन्ह म्हणून ओळखला जाई. एक उच्चार निवडावा, तोच शेवटपर्यंत ठेवावा, आणि व्हिएतनामी स्वरांचा अट्टहास धरू नये.

नकाशा स्वतः काढावा

छापील नकाशा पडद्यावर दाखवण्याऐवजी व्याख्यात्याने फळ्यावर स्वतः चार रेघा ओढाव्यात, असा माझा आग्रह आहे, कारण या इतिहासातली अर्धी गोष्ट भूगोलातच दडलेली आहे. उत्तरेला तांबड्या नदीच्या खोऱ्यात थांग लोंग. त्याच्या दक्षिणेस समुद्रकाठी थान्ह होआ प्रांत. त्या प्रांताच्या पश्चिमेला डोंगर चढत जातात आणि पलीकडे लाओसचा होआफान भाग लागतो; साम नुआ तिथेच आहे. व्हिएतनामी इतिवृत्ते ज्याला साम चाऊ म्हणतात आणि फोतिसारातने न्गुयेन किमला जिथे राहू दिले, तो हाच डोंगराळ टापू.

आता यात नद्या घालाव्यात. चू नदी होआफानच्या डोंगरांत उगम पावते आणि पूर्वेकडे उतरत थान्ह होआत शिरते. तिच्या काठी लाम सोन आहे. ले घराण्याचा संस्थापक ले लोय याने १४१८ साली मिंग अंमलाविरुद्ध उठाव केला तो याच गावातून, आणि १४२८ साली तो सम्राट झाला. म्हणजे परागंदा झालेले निष्ठावंत कुठल्या तरी अनोळखी देशात भटकत नव्हते, तर राजवंशाच्या मूळ गावावरून वाहणाऱ्या नदीच्या वरच्या अंगाला जाऊन बसले होते. खाली घराण्याला मानणारी माणसे, वर लपायला डोंगर आणि मधून जाणारे खोरे, अशी ही रचना होती. न्गुयेन किम स्वतः थान्ह होआचाच होता. पुढे १५४६ पासून व्हान लाइ येथे ले दरबाराचा तळ पडला, तोही याच चू नदीच्या परिसरात. फळ्यावर ही एक नदी नीट काढली तर हे लोक लाओसमध्येच का गेले आणि तिथून नेमके याच प्रांतात का उतरले, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

अंतराची कल्पना नागपूरच्या हिशेबाने द्यावी. थान्ह होआपासून हानोय सुमारे दीडशे किलोमीटर आहे, म्हणजे ढोबळमानाने नागपूर ते अमरावती. थान्ह होआतील ताय दो हा दगडी किल्ला ले पक्षाने १५४३ साली घेतला आणि राजधानी १५९२ साली. एवढेसे अंतर कापायला एकोणपन्नास वर्षे लागली, हे सांगून क्षणभर थांबावे. श्रोत्यांना युद्धाचे स्वरूप त्यावरून समजते.

पडझड थोडक्यात सांगावी

१५०५ ते १५२७ या काळातील दरबारी हत्यांचा तपशील फार आहे आणि तो सगळा सांगू पाहणारा व्याख्याता मुख्य विषयापर्यंत पोहोचतच नाही. एवढेच पुरे : ले थान्ह तोंगच्या वैभवशाली कारकिर्दीनंतर (१४६० ते १४९७) काही वर्षांतच गादी दुबळ्या आणि क्रूर राजांच्या हाती गेली, बंडे झाली, एका सम्राटाचा त्याच्याच सेनानीने खून केला, आणि या गोंधळात राजरक्षक दलातून वर आलेला माक दांग झुंग सर्वसत्ताधीश झाला. १५२२ साली तरुण सम्राट ले चिएउ तोंग त्याच्या तावडीतून निसटला, तेव्हा दांग झुंगने त्याच्या धाकट्या भावाला गादीवर बसवले. चिएउ तोंग पुढे पकडला गेला आणि १५२६ साली मारला गेला. १५२७ साली भावालाही दूर करून दांग झुंग स्वतः सम्राट झाला. या भागाला पाच मिनिटांहून अधिक वेळ देऊ नये.

राज्यारोहणाच्या प्रसंगी कोणते प्रश्न विचारावेत

येथे मात्र रेंगाळावे. कोणत्याही परागंदा राजाच्या बाबतीत व्याख्यात्याने तीन गोष्टी स्वतःशी पडताळून पाहाव्यात : त्याला कोणी बसवले, कोणाच्या जमिनीवर बसवले, आणि तो त्या वंशातला आहे हे कशावरून. पहिल्या दोहोंची उत्तरे सरळ आहेत. बसवले न्गुयेन किमने. जमीन लान सांगच्या राजाची. शेजारच्या मोठ्या राज्यात यादवी चालू राहणे आणि तिथला एक पक्ष आपल्या उपकाराखाली असणे, यात लान सांगचा फायदा होता, एवढे अनुमान करायला हरकत नाही. मात्र ते अनुमान आहे हे श्रोत्यांना सांगावे.

तिसरा प्रश्न नाजूक आहे. ले पक्षाच्या म्हणण्यानुसार निन्ह हा मारल्या गेलेल्या चिएउ तोंगचा मुलगा. पण चिएउ तोंगचे जन्मवर्ष सामान्यतः १५०६ दिले जाते, आणि त्रांग तोंग १५४८ साली चौतीस वर्षांचा होऊन वारला असे म्हटले जाते, म्हणजे त्याचा जन्म १५१५ च्या आसपासचा ठरतो. बाप आणि मुलगा यांच्या वयांत नऊ वर्षांचे अंतर! हे आकडे फळ्यावर एकाखाली एक मांडावेत आणि वजाबाकी श्रोत्यांनाच करू द्यावी. यावरून तीन शक्यता निघतात : एखादे जन्मवर्ष चुकीचे नोंदले गेले असेल, तो त्याच वंशातला पण दुसऱ्या शाखेतला असेल, किंवा तो वंशातला नसेलच. माक पक्ष अर्थातच तो खरा वारस नसल्याचे सांगत असे.

मराठी श्रोत्यांसमोर हा मुद्दा आला की कोणी तरी सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची आठवण काढणारच. ती चर्चा होऊ द्यावी, पण एक फरक दाखवून द्यावा. भाऊंच्या तोतयाला खरे मानण्यात पुण्याच्या कारभाऱ्यांचे नुकसान होते, म्हणून त्याची कसून चौकशी झाली आणि त्याला शिक्षा झाली. लाओसमध्ये ज्यांनी निन्हला ओळखले त्यांचे सारे भवितव्य तो खरा असण्यावरच अवलंबून होते. शंका घेण्यात हित असलेला माणूस त्या डोंगरात जवळपास कोणी नव्हता. माझ्या मते व्याख्यात्याने ‘खरा की तोतया’ असा निकाल देण्याच्या भरीस पडू नये. पुरावा तेवढा नाही. मात्र हा प्रश्न टाळूही नये, कारण तो टाळला की न्गुयेन किमने घेतलेली जोखीमच श्रोत्यांना कळत नाही.

एक साल, तीन मोजण्या

राज्यारोहणाचा अर्थ समजावण्यासाठी मला सर्वांत उपयोगी वाटणारे साधन म्हणजे सनांचे कोष्टक. सम्राट गादीवर बसला की नवा सन सुरू होई. त्रांग तोंगचा सन न्गुयेन होआ, तो १५३३ पासून मोजला जाई. थांग लोंगमध्ये तेव्हा माक दांग झुंगचा मुलगा माक दांग झोआन्ह राज्य करत होता. त्याचा सन दाइ चिन्ह १५३० पासून चालू होता. आणि चीनमध्ये ज्याजिंग नावाच्या मिंग सम्राटाचा सन १५२२ पासून मोजला जात होता. आता १५३५ हे साल घ्यावे. ले पक्षाच्या कागदावर ते न्गुयेन होआ ३ आहे, माक पक्षाच्या कागदावर दाइ चिन्ह ६, आणि मिंग दरबाराच्या कागदावर ज्याजिंग १४. गावच्या पाटलासारख्या माणसाने जमिनीच्या कागदावर कोणता सन घालायचा, यातच तो कोणाची प्रजा आहे हे ठरत होते. शिवछत्रपतींनी १६७४ साली राज्याभिषेक शक सुरू केला, त्यामागचा आशय आपल्या श्रोत्यांना ठाऊक असतो. त्यामुळे डोंगरात काही मोजक्या माणसांसह बसलेल्या सम्राटाने पहिले काम म्हणून सन का जाहीर केला, हे त्यांना लवकर पटते.

माक राजवटीला न्याय द्यावा

परागंदांची बाजू सांगताना राजधानीतल्या राजवटीला खलनायक करून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा. या काळाचे मुख्य इतिवृत्त, ‘दाइ व्हिएत सु की तोआन थु’, ले सम्राट आणि त्रिन्ह सरदार यांच्या अमलात १६९७ साली छापले गेले, आणि माकांना ते बंडखोर मानते. तरीही त्याच ग्रंथात माक दांग झोआन्हच्या काळाबद्दल असे नोंदले आहे की व्यापारी हत्यार न बाळगता फिरत आणि गुरे रात्री गोठ्यात आणून बांधावी लागत नसत. शत्रूपक्षाच्या ग्रंथाने दिलेली ही कबुली व्याख्यानात जशीच्या तशी सांगावी; स्तुतीपेक्षा तिचे वजन अधिक आहे. माकांनी राजधानीतील विद्वत्परीक्षा नियमितपणे दर तीन वर्षांनी चालू ठेवल्या. व्हिएतनामचा विख्यात पंडित-कवी न्गुयेन बिन्ह खिएम १५३५ साली त्याच परीक्षेत पहिला आला आणि माकांच्या सेवेत राहिला. ले पक्षाला थान्ह होआत पहिली परीक्षा घेता आली ती १५५४ साली. सुशिक्षित माणसे दीर्घकाळ कोणाकडे होती, हे या दोन सालांवरून दिसते.

युद्धाची किंमत सामान्यांनी मोजली, हेही सांगावे. थान्ह होआच्या दक्षिणेला असलेला न्घे आन प्रांत दोन्ही फौजांच्या वाटेवर होता. १५७२ साली तिथे शेते पडीक राहिली, दुष्काळ पडला आणि त्यावर रोगाची साथ आली, अशी नोंद आहे. निष्ठेच्या गौरवात ही नोंद झाकली जाऊ नये.

मिंग दरबाराचा प्रसंग

गादीवर बसताच ले पक्षाने चीनकडे तक्रार पाठवली. खुष्कीची वाट माकांच्या मुलखातून जात असल्याने त्रिन्ह दुय लिएउ नावाचा वकील समुद्रमार्गे धाडण्यात आला. काही वर्षांनी ती तक्रार बीजिंगला पोहोचली, मिंग दरबारात स्वारीची चर्चा झाली, सीमेवर फौज जमू लागली. तेव्हा १५४० साली म्हातारा माक दांग झुंग नाम क्वान या सीमेवरच्या खिंडीत गळ्यात दोर अडकवून मिंग अधिकाऱ्यांपुढे शरण गेला. मिंगांनी स्वारी रद्द केली, देशाचा दर्जा राज्यावरून उतरवून सीमाप्रांताच्या कारभारासारखा केला आणि माकांना त्याचे वंशपरंपरागत अधिकारी नेमले. ले पक्षाला या खटपटीतून गादी मिळाली नाही. पण शत्रूची मान खाली गेली, आणि त्याच साली न्गुयेन किमने न्घे आनकडे चाल केली. परक्या बलाढ्य सत्तेकडे दाद मागणाऱ्याला बहुधा काय मिळते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल, म्हणून हा प्रसंग गाळू नये.

राजा आणि राजा बसवणारा : नागपूरचा धागा

व्याख्यानाचा गाभा इथे आहे. १५४५ साली न्गुयेन किमला विष घालून मारण्यात आले. मारणारा होता दुओंग चाप न्यात, जो दोन वर्षांपूर्वी ताय दो येथे शरण येऊन ले पक्षाला मिळालेला माकांचा सरदार होता. किमची सारी सत्ता जावई त्रिन्ह किएमच्या हाती गेली. किमचा थोरला मुलगा लवकरच मेला आणि त्यात किएमचा हात असल्याचे मानले जाते. धाकट्या न्गुयेन होआंगने १५५८ साली दूर दक्षिणेतील थुआन होआ प्रांताची नेमणूक मागून घेतली आणि जीव वाचवला. त्रांग तोंग गेल्यावर त्याचा मुलगा गादीवर आला, पण तोही १५५६ साली निपुत्रिक वारला. म्हणजे ज्या रक्तासाठी लाओसमध्ये सन जाहीर झाला होता, ती शाखा तेवीस वर्षांतच संपली. त्या वेळी किएमच्या मनात स्वतःच सम्राट व्हावे असे आले आणि त्याने न्गुयेन बिन्ह खिएमचा सल्ला विचारला, अशी आख्यायिका आहे. पंडिताने, देवाची पूजा सांभाळा म्हणजे प्रसाद मिळत राहील, अशा आशयाचे सूचक उत्तर दिले म्हणतात. आख्यायिका म्हणूनच ती सांगावी. खरे घडले ते असे : ले लोयच्या थोरल्या भावाच्या वंशातला एक माणूस शोधून गादीवर बसवण्यात आला. तो, म्हणजे ले आन्ह तोंग, पुढे त्रिन्ह तुंगच्या धाकातून निसटू पाहताना १५७३ साली पकडला जाऊन मारला गेला आणि त्याच्या जागी सहा वर्षांचा ले थे तोंग आला. १५९२ साली राजधानी जिंकली ती त्रिन्ह तुंगने. त्यानंतर जवळपास दोनशे वर्षे सम्राट ले घराण्याचा आणि सत्ता त्रिन्ह घराण्याची, अशी व्यवस्था चालली.

हे ऐकताच श्रोत्यांना सातारा आणि पुणे आठवतील, आणि ती तुलना चुकीची नाही. मात्र छत्रपती साताऱ्याला आणि पेशवे पुण्याला होते, तर ले सम्राट आणि त्रिन्ह सरदार एकाच शहरात नांदत होते, हे लक्षात आणून द्यावे. नागपूरच्या श्रोत्यांसाठी मी याहून जवळचे उदाहरण सुचवीन, ते आपल्या जुन्या शहरातले आहे. १७३९ साली देवगडचा गोंड राजा चांद सुलतान वारला आणि वलीशहाने गादी बळकावली. तेव्हा राणीने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. रघूजींनी वलीशहाचा बंदोबस्त केला आणि राणीच्या दोन मुलांना गादीवर बसवून ते परतले. काही वर्षांनी त्या भावांतच तंटा झाला, रघूजी पुन्हा आले, अकबरशहाला मुलूख सोडावा लागला, आणि बुऱ्हाणशहा राजा म्हणून राहिला. पण कारभार, फौज आणि वसूल भोसल्यांचा झाला. बुऱ्हाणशहाचे वंशज पुढेही ‘राजा’ म्हणवले जात, त्यांना तनखा मिळे, आणि भोसल्यांच्या राज्यारोहणात गोंड राजाच्या टिळ्याला मान होता. गोंड राजाचे नाव राखल्याने रघूजींना पेशव्यांचे वरचष्म्याचे हक्क नाकारायला आधार मिळत होता, असेही सांगितले जाते.

नागपूरच्या महाल भागात लहानाचा मोठा झालेला माणूस हे सहज समजू शकतो, आणि त्रिन्हांनी ले सम्राटाला का हटवले नाही, या प्रश्नाचे उत्तर त्याला इथून मिळते. सम्राटाला हटवले असते तर माक आणि त्रिन्ह यांच्यात फरकच उरला नसता. दक्षिणेतल्या न्गुयेन होआंगलाही आज्ञा पाळण्याचे कारण राहिले नसते. तुलना कुठे संपते तेही सांगावे : गोंड राजाच्या नावाने कोणी अनेक दशके युद्ध केले नाही, आणि भोसले हे त्याचे जुने सेवक नव्हते.

जिंजीची आठवणही निघेल. छत्रपती राजाराम महाराज १६८९ मध्ये जिंजीला गेले आणि तिथून १६९८ पर्यंत दरबार चालला, तर इकडे रामचंद्रपंत अमात्य आणि संताजी-धनाजी लढत राहिले. पण राजाराम महाराजांचे मंचकारोहण रायगडावर झाले होते आणि जिंजी मराठ्यांच्याच ताब्यातला किल्ला होता. त्रांग तोंग गादीवर बसला तोच मुळी परक्या राजाच्या जमिनीवर, राजवंश बुडून सहा वर्षे उलटल्यावर. दोन वाक्यांत हा फरक सांगून पुढे जावे.

साधनांचा कल ओळखावा

वर ज्या इतिवृत्ताचा उल्लेख केला ते त्रिन्हांच्या काळचे, म्हणून माकांविरुद्ध झुकलेले आहे. पण एकोणिसाव्या शतकात लिहिलेल्या दरबारी इतिहासांचा कल वेगळा आहे. दक्षिणेत गेलेल्या न्गुयेन होआंगच्या वंशजाने १८०२ साली सारा व्हिएतनाम एका अमलाखाली आणला, आणि ते घराणे १९४५ पर्यंत हुए येथे गादीवर राहिले. न्गुयेन किम हा त्या सम्राटांचा पूर्वज. त्यांच्या इतिहासकारांनी किमचे गुणगान करावे आणि त्रिन्ह किएमला काळ्या रंगात दाखवावे, हे ओघानेच आले. किएम लहानपणी कोंबड्या चोरत असे, यांसारख्या कथा सांगण्याआधी त्या कोणाला सोयीच्या होत्या, हे पाहावे. प्रत्येक प्रसंगाच्या टिपणापुढे ‘हे कोणाच्या बाजूचे कथन’ असा एक शब्द लिहून ठेवण्याची सवय लावावी. बखरी वाचणाऱ्याला ही शिस्त नवी नाही.

कुठे थांबावे आणि कोणते प्रश्न येतील

राजधानी जिंकल्याच्या प्रसंगावर व्याख्यान संपवू नये; तिथे टाळ्या मिळतात, पण गोष्ट अपुरी राहते. १५९३ साली ले थे तोंग थांग लोंगमध्ये आला. १५९७ साली त्याला स्वतःला नाम क्वानच्या खिंडीत मिंग अधिकाऱ्यांपुढे हजर राहून आपण ले वंशाचे आहोत याची खातरजमा करून द्यावी लागली, आणि त्याचा वकील, पंडित फुंग खाक खोआन, बीजिंगला गेला तेव्हा राजा हा किताब मिळाला नाही. मिळाला तो माकांना दिलेलाच सीमाप्रांताच्या अधिकाऱ्याचा दर्जा. तिकडे माकही संपले नव्हते. मिंगांच्या आणि नंतर चिंगांच्या छायेत त्यांनी चीनच्या सीमेवरील काओ बांग १६७७ पर्यंत धरून ठेवले. एकेकाळी ले पक्ष पश्चिमेच्या डोंगरांत जसा परक्याच्या आधाराने राहिला, तसेच आता माक उत्तरेच्या डोंगरांत राहिले. इथे थांबून प्रश्न घ्यावेत.

प्रश्नांत आप्पासाहेब भोसल्यांचा विषय निघण्याची तयारी ठेवावी, कारण सीताबर्डीचा किल्ला डोळ्यांसमोर असलेल्या शहरात तो निघणे साहजिक आहे. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर पदच्युत झालेले आप्पासाहेब १८१८ साली इंग्रजांच्या कैदेतून निसटले, महादेव डोंगरात गोंड सरदारांनी त्यांना साथ दिली, त्यांनी अशीरगडाचा आसरा घेतला. मग त्यांना पुन्हा गादी का मिळाली नाही, असे विचारले जाईल. उत्तर देताना त्रांग तोंगच्या प्रकरणातील तीन आधार एकेक करून तपासावेत. आसरा देणारी स्वतंत्र शेजारी सत्ता : आप्पासाहेबांना ती उरली नव्हती, अशीरगडही एप्रिल १८१९ मध्ये इंग्रजांच्या हाती पडला. वसूल आणि माणसे देणारा मूळ प्रांत : तो इंग्रजांच्या ताब्यात होता आणि तिथे त्यांनी अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर बसवले होते, त्यामुळे वंशाचे नावही त्यांच्याच बाजूला गेले. आणि सम्राट मेला तरी काम पुढे नेणारे सरदार घराणे : तसे घराणे आप्पासाहेबांमागे नव्हते. ते पंजाबातून जोधपूरला गेले आणि १८४० साली तिथेच वारले. हे उत्तर चार-पाच मिनिटांत बसते, पण त्यासाठी या तारखा वेगळ्या कागदावर लिहून खिशात ठेवाव्यात, कारण त्या मुख्य टिपणात घातल्या तर बोलण्याच्या भरात व्याख्यान व्हिएतनाम सोडून सीताबर्डीला येते.